गालाला लावून बघणे

"दिनू, ह्ये कोळसं हायत का फटाकडं रं?"

कार्ल्याच्या फाट्यावर येसूमावशी कणसं भाजून विकते. मी गाडी स्टँडला लावतोय तोच तिनं तोफ डागली. तिच्या डोळ्याखाली टम्म फोड आला होता. शेगडीतली ब्रिकेट फुटून निखारा उडाला होता. बोटभर वर लागला असता तर डोळाच गेला असता.

ब्रिकेट आमची. मोठ्या तोऱ्यात पोतं आणून देणारा मीच. वराळ्याच्या प्लँटमध्ये मी क्वालिटी बघतो. कोळशाची चुरी आणि भट्टीत जाळून काळा केलेला लाकडाचा भुसा खळीत कालवायचा, मशीनमध्ये दाबून वड्या पाडायच्या, ड्रायरमध्ये वाळवायच्या. झाली ब्रिकेट. नाव इंग्रजी, एवढंच.

"तुज्या आईचा गोळा कदी उडला न्हाई," मावशी कणीस फिरवत म्हणाली.

आई जाऊन दोन वर्षं झाली. ती आणि येसूमावशी वखारीतली दगडी कोळशाची भुकटी आणून, शेण-मातीत मळून गोळे वळायच्या. दोन दिवस पडवीच्या सावलीत, मगच उन्हात. मी घाई केली की आई ओरडायची, "आरं, वरनं वाळंल, आत वलाच ऱ्हाईल!" शेवटी एक गोळा फोडायची आणि गालाला लावून बघायची. गार लागला तर सगळे परत सावलीत. गोळ्यांच्या दिवसांत तिचा उजवा गाल काळाच असायचा. तो गाल मला अजून दिसतो. काय वाट्टेल ते द्यावं आणि एकदा तिचं ओरडणं ऐकावं, असं तिथं उभ्या उभ्या वाटलं.

तसाच प्लँटला गेलो. त्याच लॉटचा माल दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टला जायचा होता, बार्बेक्यूसाठी. शेगडीभोवती लहान पोरं बसणार. मी एक वडी उचलली. मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायचं यंत्र, लावलं. रीडिंग ओके. मग वडी फोडली आणि इकडंतिकडं बघून गालाला लावली.

गार.

चूक माझीच होती. पावसाळ्यात माल लवकर वाळावा म्हणून ड्रायरचं टेंपरेचर वाढवलं होतं आणि त्यावर माझीच सही होती. जोराच्या उष्णतेनं वरचा थर कडक होतो, ओल आत कोंडते. निखाऱ्यावर तिची वाफ होते आणि वडी फुटते. मीटर आम्ही वरूनच लावत होतो.

मॅनेजर देसाईंना सांगितलं, "लॉट थांबवा."

"रिपोर्ट तुमचाच ना? मॉइश्चर ओके आहे."

"वरून ओके आहे, सर. आत ओला आहे."

"कशावरून?"

"गालाला लावून बघितला."

देसाई म्हणाले, "रिसॉर्टला हे कारण सांगू?"

मी येसूमावशीच्या फोडाबद्दल सांगितलं. आणखी एक वडी फोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी नको नको म्हणत गालाला लावली. मग फोन उचलला आणि गाडी रद्द केली.

आता वड्या आधी दोन दिवस रॅकवर, नुसत्या पंख्याखाली राहतात. मग मंद ड्रायर. चेकशीटवर मी एक ओळ वाढवली: दर रॅकमधली एक वडी फोडून गालाला लावून बघणे. ऑडिटवाले हसले. हसू देत बापडे.

नवं पोतं घेऊन मावशीकडे गेलो. त्यातल्या वड्या शेगडीत पेटवल्या आणि तासभर तिथंच बसलो. एकही उडली नाही. मावशीनं लिंबू-मीठ चोळून कणीस हातात दिलं, माझ्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "गालाला काळं लागलंय बग. आक्षी तिच्यावानी दिसतूयास."

मी कणीस संपवलं. खिशात रुमाल होता, पण घरी जाईपर्यंत गाल पुसला नाही.

धडा म्हणाल तर एवढाच: मीटरला वरचंच कळतं. आईला विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. विचारायला ती नाही, म्हणून रोज एक फोडून बघतो.