मैना माझ्या कार्डावर कशी आली

१९९१ साल. मी अडतीस वर्षांचा होतो. पुतण्याच्या बारशाला तुमच्या वहिनीला, माझ्या बायकोला, पाळण्याजवळ येऊ दिलं नाही, कारण आम्हाला मूल नव्हतं. तुमच्यापैकी कोणी विसरलं असेल, मी विसरलो नाही. भरल्या पंगतीतून उठलो, पिशवी भरली आणि तिला घेऊन दोंडाईच्याच्या स्टेशनावर आलो. आई मागे धावत आली. "जाय पोऱ्या, पन भुक्या नको ऱ्हाजो," एवढंच म्हणाली. सुरतेची पॅसेंजर आली तेव्हा मी खिडकीशी बसलो नाही. आईने हात हलवलेला दिसला असता तर उतरलो असतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. हे लिहितोय गावाकडच्या भाऊबंदांसाठी, आणि माझ्यासारखे येऊन सुरतेत राहिलेत त्यांच्यासाठी. आमची लेक मैना आमच्याकडे कशी आली याच्या गावात पुष्कळ गोष्टी फिरतात. खरी ही.

सुरतेत डिंडोलीला खोली घेतली, पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये लागलो. गावी अंगणात खाट टाकून झोपणारा मी, इथे पत्र्याखाली शिजत होतो. पण परत जायचं नाव काढलं नाही. शेजारच्या खोलीत पदम नावाचा नेपाळी चौकीदार होता. रात्री कापड मार्केटवर पहारा करायचा. त्याची बायको तान्ह्या मैनाला पाठीशी बांधून नेपाळातून आली आणि वर्षाच्या आत इथे तापाने गेली. पदम पहाऱ्याला जाताना पोर आमच्याकडे ठेवायचा. एक दिवस म्हणाला, "भाभी, अब इसको आप ही रख लो." आणि तो आपल्या पहाडात निघून गेला. तुमच्या वहिनीने पोर पदरात घेतली. त्याने शब्द दिला, आम्ही घेतला. माझ्या लेखी तेवढ्यात सगळं झालं.

मैना तीन वर्षांची झाली. रडली की तिचे ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाला, काळजात छिद्र आहे, ऑपरेशन करावं लागेल, फार थांबू नका. खर्च ऐकून तुमची वहिनी म्हणाली, गळ्यातलं विकू. मी मात्र ताठ होतो. माझ्या पगारातून दर महिन्याला कामगार विमा कापला जात होता. विम्याचा दवाखाना होता, विम्याचं कार्ड होतं. ते घेऊन गेलो. खिडकीतला साहेब एकदा कार्डाकडे बघे, एकदा पोरीच्या तोंडाकडे.

"आ तो परदेशनी छोकरी छे, काका. तमारी क्यांथी थई?"

परदेशातली पोर तुमची कुठून झाली, असं विचारत होता. मी म्हणालो, "परदेश कसला? तिकडचा गुरखा रोज रात्री आमच्या गल्लीत शिट्टी वाजवतो."

तो हसला, पण नाव लिहिलं नाही. दत्तकाचा कागद आणा म्हणाला.

वकील गाठला. तो म्हणाला, कागद नंतर. आधी बापाने चार माणसांत मूल आपल्या हाताने द्यायचं आणि तुम्ही नवराबायकोने आपल्या हाताने घ्यायचं. मार्केटच्या चौकीदारांच्या तोंडी पहाडात निरोप धाडला. पदम आला नाही तर काय, आणि येऊन पोर परत मागितली तर काय? तुमची वहिनी दोन्हींना भ्यायची. मीही भ्यायचो, फक्त बोलायचो नाही. होळी झाली आणि तो आला.

खोलीत माणसं जमली. नारळ ठेवला. पदम चटईवर बसला, पण मैनाला त्याच्याकडे द्यायला गेलो तर तिने माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारली. तिला तो परका. त्याने हात पुढे केले तशी ती किंचाळली.

"तिले रडाडू नका!" तुमची वहिनी ओरडली. "व्हट निया पडनात!"

ओठ निळे पडत होते. थांबलो. पदमने पेढा दाखवला. तिने तो घेतला आणि पुन्हा माझ्या गळ्यात. शेजारचे राऊतमामा विदर्भाकडचे, त्यांना राहवलं नाही. "आता पदमलेच दत्तक घ्या ना जी, भानगडच मिटली!" सगळे हसले. पदमसुद्धा हसला. वकील तेवढा हसला नाही. "काका, जे एना हाथमां ज नथी, ते ए आपे केवी रीते?" जी त्याच्या हातातच नाही, ती तो देणार कशी? त्याचं खरं होतं.

मग काय, बसून राहिलो. चहा झाला, पुन्हा चहा झाला. दुपारी मैना माझ्या खांद्यावर झोपली. वकिलाने डोळ्याने खूण केली. मी श्वास धरून तिला पदमच्या मांडीवर ठेवली. आता त्याने उचलून द्यायची एवढंच राहिलं होतं.

तो देईना. तिच्या कपाळावरचे केस बाजूला करत बसला. मिलच्या शेठपुढे कधी मान न वाकवलेला मी, हात पसरून बसलो होतो. मागू कोणत्या तोंडाने? त्याचीच होती ती.

शेवटी म्हणाला, "भारी हो गई है, भैया. अच्छा खिलाया." आणि उचलून आमच्या दोघांच्या हातांवर ठेवली. मैनाला जागही आली नाही. ती उठायच्या आत निघतो म्हणाला आणि गेला.

कागद झाला, कार्डावर नाव चढलं. पुढे ऑपरेशन विम्यातच झालं. आज मैनाची पोरं घरात गुजराती बोलतात आणि मला नाना, म्हणजे आजोबा, म्हणतात. तुम्ही विचारता, गावी कायमचे कधी येणार. येतो, आईच्या चुलीजवळ घटकाभर बसतो, पण दुसऱ्या दिवशी पाय स्टेशनाकडे वळतात. "बाबा, गोळी घेतली का?" म्हणून मैना जिथे माझ्यावर ओरडते, तेच आता माझं घर. गावावर राग नाही राहिला.

एक सांगायचं राहिलं. कार्डावर नाव चढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलमधली पाळी बुडवली. मैनाला खांद्यावर घेतलं आणि विम्याच्या दवाखान्यात खिडकी उघडायच्या आधीच रांगेत पहिला जाऊन उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "एवढी कसली घाई, काका?" मी त्याला कार्डावरचं मैनाचं नाव दाखवलं. खिडकी उघडली आणि मी कार्ड आत सरकवलं.