फ्लेक्सवरचा माझ्या मुलीचा फोटो

मित्रांनो, आज नववीच्या मुलांकडून जाहिराती करून घेतल्या. जाहिरात काय दाखवते आणि काय लपवते, हे शिकवायचं होतं.

शीतलच्या गटाने खाजगी क्लासची जाहिरात केली. पुठ्ठ्यावर हसऱ्या मुलीचं चित्र काढून ती ओरडली, "आमचा क्लास लावा, डॉक्टर व्हा!"

मी विचारलं, "यात लपवलंय काय?"

"ही पोरगी या क्लासला कधी गेलीच न्हाई, सर." वर्ग हसला.

"असं कोण करतं गं?"

"करतेत की. स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर तुमच्या पूजाताईचा फोटो हाय. ती तर लातूरला शिकली न्हवं? आमच्या अण्णांनी फोटो बघूनच मला तिथं घातलं."

पूजा माझी मुलगी, मेडिकलला लागलेली. तो फोटो क्लासवाल्याला मीच दिला होता. अहमदपुरात पोरीचं नाव होईल, एवढाच मोह होता. पण ते कबूल करायचं सोडून मी म्हणालो, "चला, पुढचा गट."

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडवले नाहीत. फ्लेक्स उद्या उतरवायला लावीन. पण शीतलच्या वडिलांसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? तुम्ही काय केलं असतं?