पावणेदोनचा चहा

आमच्या नकाशांच्या कार्यालयात कोणी घड्याळाकडे बघत नाही, सगळे किटलीकडे बघतात. मावशी किटली घेऊन पावणेअकराला येतात, पावणेदोनला येतात आणि चारला येतात. तीस वर्षांत चार साहेब बदलले, शाईच्या दौती जाऊन कॉम्प्युटर आले, पण किटलीची वेळ कधी हलली नव्हती. ती गेल्या वर्षी हलली, आणि त्यावरून जे भांडण झालं त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कोणी भला माणूस समजायला नको.

मावशींचा आयुष्यात एकच हट्ट होता. एकदा तरी रक्त द्यायचं.

कार्यालयाच्या वर्धापनदिनाला खालच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर भरतं. मी त्या दिवशी न चुकता जुन्या फायलींच्या खोलीत फार कामात असतो, कारण मला सुई बघवत नाही. मावशी मात्र पहाटेपासून हजर. रक्त देऊन उठलेल्या प्रत्येकाला चहा-बिस्किटं त्यांच्याच हातची. कोणी गडबडीत निघालाच, तर जिन्यापर्यंत मागे धावतील, पण चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत.

मग हॉल रिकामा झाला की पदर खोचून स्वतः टेबलापाशी जायच्या. तिथली मुलगी बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब काचेच्या भांड्यातल्या निळ्या पाण्यात सोडते. रक्तात पुरेसं लोह असलं तर थेंब जड असतो, तळाला जातो. नसलं तर वर तरंगतो आणि मुलगी म्हणते, ‘पुढच्या वर्षी या.’ मावशींचा थेंब सलग पाच वर्षं तरंगला होता.

“आला बाई वर,” एवढंच म्हणून त्या हसायच्या आणि किटली घासायला बसायच्या.

एकदा मी चिडून विचारलं, “मावशी, कशाला एवढा आटापिटा? आधी स्वतःच्या अंगात रक्त भरा.”

तेव्हा त्यांनी सांगितलं. लेकीच्या जन्माच्या वेळी खूप रक्त गेलं होतं. दवाखान्यातलं संपलेलं. नर्सनं रस्त्यावर जाऊन दोन माणसं आणली. एक कॉलेजातली पोरगी, दुसरा ट्रक चालवणारा. “मी डोळे उघडले तेव्हा दोघं निघून गेलेली. नर्स म्हणाली, ट्रकवाल्याला चहा विचारला तर म्हणाला, गाडीत माल आहे, थांबता येत नाही. भाऊ, अंगातलं रक्त देऊन माणूस तसाच कोरड्या तोंडानं गेला. मला ते अजून टोचतं.”

त्या लेकीला आता चौतिसावं लागलंय.

गेल्या वर्षी सहाव्यांदा थेंब तरंगला, आणि या वेळी मावशी हसल्या नाहीत. नियम असा होता की पहिल्यांदा रक्त देणाऱ्याचं वय साठच्या आत हवं. पुढच्या शिबिरानंतर वीस दिवसांनी त्यांना साठ पूर्ण होणार होती. म्हणजे आता एकच संधी उरली होती. बोटाला कापूस लावून त्या तशाच खुर्चीवर बसून राहिल्या, आणि त्या संध्याकाळी चारचा चहा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीनं त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ. शिबिराला साडेबारा लागतं. बाईंनी बाकी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, कुठे रक्त जात नाही ना ते बघितलं. तसं काही निघालं नाही. लोहाची गोळी लिहून दिली आणि हाडांसाठी कॅल्शियमची. “रक्त द्यायचं की नाही ते पुढे बघू. आधी तुमच्यापुरतं तरी होऊ दे,” असं बजावलं.

मावशींनी तीन महिने एकही गोळी चुकवली नाही. पुन्हा तपासलं तर नऊ पॉइंट नऊ.

“गोळ्या खोट्या असतील,” मी म्हणालो. माझा स्वभावच तसा.

डॉक्टरीणबाईंना ती शंका आली नाही. त्यांनी साधा प्रश्न विचारला, “गोळी घेता कशाबरोबर?”

“चहाबरोबर,” मावशी म्हणाल्या. “आणखी कशाबरोबर घेणार?”

त्यांचं गणित सरळ होतं. गार पाण्यात साखर टाका, तळाशी बसते. गरम चहात टाका, चुटकीसरशी विरघळते. मग गोळीही गरम चहातच नीट विरघळणार. म्हणून त्या पावणेदोनला, जेवणावरच्या कडक चहाबरोबर, दोन्ही गोळ्या एकदम गिळत होत्या. तीन महिने. बाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मावशींनी मला समजावलं, हातात किटली घेऊनच. “भाऊ, लोह म्हणजे फार लाजरा पाहुणा. गोळीतलं असो की डाळ-पालेभाजीतलं, आपणहून आत शिरत नाही. लिंबाबिंबात ते क जीवनसत्त्व असतं ना, ते त्याला हाताला धरून आत नेतं. आणि चहा म्हणजे आपल्या दारावरचा शिपाई. साहेब कामात आहेत, नंतर या! कॅल्शियम पण तसलंच, दोघं एकदम दारात आले की चेंगराचेंगरी. म्हणून ती गोळी वेगळी, रात्री. आणि लोहाची दुपारी जेवणाबरोबर, लिंबू पिळून. पुढे तासभर चहाला हात नाही.”

“बरं झालं कळलं. आता कप भरा,” मी म्हणालो.

“उद्यापासून पावणेदोनचा चहा बंद,” मावशी म्हणाल्या. “तीनला मिळेल.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण चेष्टा नव्हती. त्या म्हणाल्या, “किटली हातात असली की माझा कप मला सुटत नाही. वास आला की हात जातोच. म्हणजे एकतर तुम्ही सगळे थांबा, नाहीतर माझं रक्त देणं राहू द्या.”

मी आकाशपाताळ एक केलं. जेवणानंतर चहा नाही म्हणजे काय? माझ्या नकाशातल्या रेघा वाकड्या गेल्या तर जबाबदार कोण? मी सुवाच्य अक्षरात साहेबांच्या नावे अर्ज लिहिला आणि सतरा सह्या गोळा केल्या. अठरावी घ्यायला कॅशियरबाईंकडे गेलो. त्यांनी पेन हातात घेतलं, अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवलं.

“माझाही थेंब दोन वर्षं तरंगतोय,” त्या हळूच म्हणाल्या. “मी कोणाला सांगितलं नव्हतं.”

साहेब कधी कोणाची बाजू घेत नाहीत. ते म्हणाले, अर्ज विचाराधीन ठेवू. तेवढ्या काळात तीनचा चहा सुरू झाला. मी तो तोंड वाकडं करून प्यायचो, पण प्यायचो. दुपारच्या जेवणाच्या टेबलावर आता लिंबाच्या फोडी दिसायला लागल्या. मावशी सगळ्यांच्या डब्यात डोकावून शेरे मारायच्या. कोणी अंग दुखतं म्हणालं की उन्हात बसा म्हणायच्या, कोणाच्या हाताला मुंग्या आल्या की बी-बारा तपासून घ्या म्हणायच्या. पण गोळीचं नाव कोणी काढलं की हात झटकायच्या. “गोळी डॉक्टर देतील. मी फक्त चहाची वेळ सांगते.”

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. किती वर्षं मी मावशींना जिन्याच्या प्रत्येक वळणावर किटली टेकवून दम खाताना ऐकत होतो. टण्ण, मग शांतता, मग पुन्हा पावलं. मला वाटायचं, वय झालं. वेळ बदलल्याला चार महिने झाले असतील, एका दुपारी नुसती पावलंच ऐकू आली. टण्ण नाही, शांतता नाही. त्या सरळ वर आल्या आणि मला म्हणाल्या, “असे काय बघताय? घ्या चहा.” मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी मी साहेबांकडून अर्ज परत मागून घेतला आणि फाडला.

शिबिराच्या आधी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बारा पॉइंट सात. त्यांनी परवानगी दिली, पण नंतर गोळ्या चालू ठेवायच्या या अटीवर.

शिबिराच्या दिवशी मी फायलींच्या खोलीत गेलो नाही. मावशींना लेक घेऊन आली होती. टेबलापाशी बसलेल्या मुलीनं बोटाला टोचलं. मी नजर वळवली, पण थेंब निळ्या पाण्यात पडला तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. थेंब पडला, खाली गेला आणि मध्यावर रेंगाळला. मावशींनी लेकीचा हात घट्ट धरला. कॅशियरबाई पुटपुटत होत्या, “बूड, बाई, बूड.” आणि तो बुडाला. हळूहळू, पण थेट तळाला जाऊन बसला.

मावशी अर्धा तास पलंगावर होत्या. रबरी चेंडू दाबत छताकडे बघत होत्या आणि लेक उशाशी उभी होती. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आज चहाला कोणीच नाही. मी स्वयंपाकघरात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कार्यालयाची किटली शेगडीवर ठेवली. पत्ती किती टाकायची ठाऊक नव्हतं, म्हणून भरपूर टाकली.

त्या उठून बसल्यावर मी कप पुढे केला, आणि तेव्हा आठवलं. “मावशी, चालेल ना? की तासभर थांबायचं?”

त्यांनी कपात बघितलं. “पत्ती फारच झाली हो भाऊ,” म्हणाल्या. मग कप दोन्ही हातांत धरला. “गोळी आज सकाळीच घेतली. चालेल. हा त्या ट्रकवाल्याच्या वाटचा आहे.”

आणि माझा तो कडू चहा त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत, अजिबात घाई न करता प्यायला. मी तिथेच उभा होतो. मग त्यांनी रिकामा कप माझ्या हातात दिला, आणि मी तो विसळायला घेऊन गेलो.