बबनदादाचा अंगठा

ही गोष्ट सांगायची मी आयुष्यभर टाळली. विषय जवळ आला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर हवापाण्याचं काहीतरी काढायचो. पण गेल्या हिवाळ्यात खडवलीजवळच्या एका बंद वीटभट्टीच्या शेडमध्ये मयूरीने पॉलिश पेपर घेऊन एका जुन्या ट्रकचं दार घासायला सुरुवात केली. आधी भट्टीवाल्याचा पिवळा निघाला, त्याखालून आमच्या गॅरेजचा निळा, आणि सगळ्यात तळाशी, ओल्या शेवाळासारखा, तो लष्करी हिरवा... मग मला उठून जाता आलं नाही. गुडघेही हल्ली तेवढ्या चपळाईने उठू देत नाहीत.

तो हिरवा रंग मी जन्मापासून ओळखत होतो. महायुद्ध संपल्यावर कल्याणच्या छावणीतल्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातला हा ट्रक माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घेतला होता. आमचं गॅरेज खाडीच्या अंगाला होतं. दुपारी वारा फिरला की चिखलाचा खारट वास यायचा, पलीकडच्या भातगिरणीतून कोंड्याची पिवळट धूळ उडत यायची, आणि या दोन्हींवर पेट्रोल, ग्रीस नि तापलेल्या ताडपत्रीचा एक जड, गोडसर वास पसरलेला असायचा. आजही कुठे ताडपत्री उन्हात तापलेली दिसली की मी नकळत नाक वर करतो. अण्णांनी ट्रकला निळा रंग दिला, पण बॉनेटच्या आतली बाजू हिरवीच राहिली होती. बॉनेट उघडलं की मला वाटायचं, आपण एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटात डोकावतोय...

बबनदादा अण्णांच्या हाताखाली कामाला होता. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, समोरच्या चाळीत राहणारा, हडकुळा, सतत शीळ घालणारा. त्याला ड्रायव्हर व्हायचं होतं, आणि अण्णांनी कबूल केलं होतं की दिवाळीनंतर याच ट्रकवर तुला शिकवतो. तोवर रोज सकाळी ट्रक चालू करायचा मान त्याचा. पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालायचं आणि जोर लावून इंजिन फिरवायचं. पण हँडल धरायची एक रीत होती, आणि गॅरेजमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला अण्णा ती पहिल्याच दिवशी शिकवायचे : मूठ आवळायची नाही. अंगठा चारही बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने कधी उलटा झटका दिला तर हात सुटायला पाहिजे, अडकायला नाही. बबनदादा मला ते दाखवायचा. "विनू, बघ. अंगठा घरात बसलाय. बाहेर खेळायला गेला की मेला."

त्या दिवशी अण्णा जेवायला घरी गेले होते. मी त्यांना पुष्कळदा पाहिलं होतं... डिस्ट्रिब्युटरचा स्क्रू सैल करून ते त्याला अगदी केसभर फिरवायचे, कान लावून ऐकायचे, आणि इंजिनाचा आवाज बदलायचा. ठिणगी केव्हा पडायची ते तिथून ठरतं, आणि ती वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिथून ट्रकचा सूर लागतो, एवढंच मला कळलं होतं. मला तो सूर मोठा करायचा होता. मी स्क्रू सैल केला, डिस्ट्रिब्युटर चांगला बोटभर फिरवला, पुन्हा आवळला, आणि टायरच्या ढिगावर जाऊन बसलो. अण्णा जेवून आले, बबनदादाने शीळ घालत हँडल लावलं, आणि इंजिन उलटं फिरलं. त्याचा हात सुटला होता, मी पाहिलं. पण हँडल गरकन फिरून वर आलं आणि मनगटावर बसलं. वाळली काटकी मोडावी तसा आवाज...

सगळे त्याला टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन गेले. गॅरेजमध्ये मी एकटा उरलो. आणि मी डिस्ट्रिब्युटर पुन्हा अण्णांनी खिळ्याने ओढलेल्या जुन्या खुणेवर आणून ठेवला.

संध्याकाळी अण्णांनी तोच ट्रक चालू करून पाहिला. पहिल्याच फिरवणीत लागला. अण्णा हात पुसत म्हणाले, "गाडीत काही नाही. अंगठा गेला असणार बाहेर." तो चाळीतला पोरगा, शीळ घालणारा, लक्ष नसणारा... सगळ्यांना पटलं. कुणी दुसरं काही विचारलंच नाही. हँडल धरता येत नाही त्याच्या हातात अण्णा ट्रक देणार नव्हते. बबनदादाचं मनगट पुढे नीट वळलंच नाही. तो डोंबिवलीला एका कारखान्याच्या गोदामात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. ट्रक पुढे भट्टीवाल्याने घेतला. माझ्याशी बबनदादा कायम प्रेमानेच वागला, लग्नाकार्यात भेटला की पाठीवर थाप मारायचा, डाव्या हाताने.

मयूरी ही त्याची नात. घोडबंदर रोडला एका ऑफिसात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्यांच्या मागे फिरते. तिनेच तो ट्रक शोधून काढला, कोंबड्यांनी घर केलेला, आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. "आबा म्हणाले, अण्णांचा विनू आहे अजून. त्याला या गाडीचा स्क्रू न् स्क्रू माहितीये." ठाण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, आणि तिथला नियम असा की गाडीने मैदानात स्वतःच्या इंजिनावर यायचं. ढकलत आणली तर परत. तिला आबांना त्या ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवून आत न्यायचं होतं.

काय दिवस होते ते! मी पुन्हा दहा वर्षांचा झालो होतो. आम्ही दोघं म्हातारे खुर्च्यांवर बसून मयूरीला हुकूम सोडायचो आणि ती आमचे हुकूम झिडकारायची. कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुताना बबनदादा पुन्हा शीळ घालू लागला. "आबा, सूर तरी लावा," मयूरी म्हणायची. "अगं, हा विनू कानाने बहिरा झालाय, त्याला चालतंय," तो म्हणायचा. इंजिन पहिल्यांदा खोकलं तेव्हा शेडवरची कबुतरं एकदम उडाली आणि आम्ही तिघंही एकमेकांचे काळे हात धरून उभे राहिलो. सांगायचं, आज सांगायचं, असं मी रोज घरून ठरवून निघायचो. आणि रोज वाटायचं, एवढ्या आनंदात कशाला... प्रदर्शन होऊ दे.

प्रदर्शनाच्या सकाळी ट्रेलरवरून ट्रक ठाण्यात उतरवला, आणि मैदानाच्या फाटकाशी सेल्फ लागेना. मागे गाड्यांची रांग, भोंगे, आयोजकांचा एक मुलगा घड्याळ दाखवतोय. मयूरीने हँडल काढलं. मी बॉनेट उघडून ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घेतलं, उलटा झटका बसू नये म्हणून, आणि स्क्रू दोनदा आवळून पाहिला. स्टिअरिंगवरून खाली वाकून बबनदादा नातीला सांगत होता, "अंगठा बोटांबरोबर. मी एकदा चुकलो, बघ काय झालं ते. माझ्यासारखं नको करूस."

"माहितीये आबा, लहानपणापासून ऐकतेय," ती म्हणाली, आणि तिने हँडल ओढलं.

तिसऱ्या ओढीला ट्रक गरजला. माणसं बाजूला झाली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि तो हिरवा ट्रक, ताडपत्री फडफडत, आपल्या पायांनी मैदानात शिरला. स्टिअरिंग फिरवताना मनगट वळत नव्हतं तर बबनदादा सगळा खांदाच वळवत होता आणि हसत होता. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. निवेदिकेने माईक वर धरला तेव्हा तो म्हणाला, "आमचे मालक देवमाणूस होते. मीच वेंधळा. नाहीतर ही गाडी मी तेव्हाच चालवली असती." लोक हसले. मग माईक माझ्यापुढे आला. सगळं मैदान, मयूरी, तो, सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "रंग मूळचाच आहे. आम्ही फक्त वरचे काढले."

पुढच्याच महिन्यात बबनदादा झोपेतच गेला. हा लेख मी आधी मयूरीला वाचायला पाठवलाय. तिचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि ते काय असावं हे सांगायचा मला अधिकार नाही. तिच्या आजोबांना सांगायचं होतं ते फार नव्हतं, एका श्वासात झालं असतं. बबनदादा, तुझा अंगठा जागेवर होता. डिस्ट्रिब्युटर मी फिरवला होता, आणि मीच परत खुणेवर आणून ठेवला. मला माफ कर.