प्लगच्या वायरींवरची माती

दुष्काळाच्या वर्षी पाथर्डीकडे खडी फोडण्याचं काम निघालं होतं, आणि त्या कामावरची सरकारी जीप मी चालवत होतो. जीप कसली, चार मोडक्या जीपांची मिळून एक केलेली. तिच्या स्पार्क प्लगच्या वायरी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या, नको तेवढ्या लांब. त्यांना धरून ठेवणारी मूळची पट्टी वर्कशॉपवाल्यांनी कधीच हरवलेली. मग त्या लोंबायच्या आणि इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांड्यावर टेकायच्या. वायरीचं रबर वितळलं की करंट भलतीकडे पळायचा आणि जीप उचक्या देत बंद पडायची. मी चिंध्या गुंडाळल्या, त्या जळाल्या. सायकलची ट्यूब चढवली, ती वितळली. वर्कशॉपला तीन अर्ज दिले. उत्तर आलं की गाडी जपून चालवावी. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातंय!

आम्ही कुंभार. वडील गेल्यापासून घरचं चाक बंद होतं, पण आई हातानं चुली आणि शेगड्या घडवून विकायची. एका रविवारी मी जळकी वायर घरी आणून तिच्यावर चिंध्या गुंडाळत बसलो होतो. आई बराच वेळ बघत राहिली.

"आगीजवळ चिंध्या बांधतूस व्हय रं? चूल कशाची असती? आगीपुढं मातीच टिकती."

तिनं मातीत राख आणि लीद कालवली आणि ज्वारीच्या वाळक्या काड्यांवर बोटाएवढ्या नळ्या वळल्या. भट्टीत काडी जळून जायची आणि नळीला आरपार भोक राहायचं. त्या आठवड्यात टँकर एकदाच आला होता. माती भिजवायला तिनं पिण्याच्या हंड्यातलं पाणी घेतलं तेव्हा मी ओरडलो.

"आई, प्यायचं पानी हाय ते!"

"मी घोटभर कमी पीन. तुझी गाडी रस्त्यात नगं बसायला."

वायरींची टोकं सोडवून मी त्या नळ्या मण्यांसारख्या ओवल्या. नळ्या आखूड असल्यामुळे वायर हवी तशी वळायची आणि रबर कुठं उघडं पडत नव्हतं. दोन महिने एकही वायर जळाली नाही. मुकादमानं विचारलं तेव्हा मात्र मी सांगितलं की नळ्या बाजारातून आणल्या. मी कुंभाराचा पोरगा आहे हे कामावर कुणाला माहीत नव्हतं. खाकी कपडे चढवले की मी नुसता ड्रायव्हर असायचो, आणि ते मला बरं वाटायचं. आज हे लिहितानाही माझी मला चीड येते.

मग नगरहून मोठे साहेब पाहणीला आले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत वाकून बघितलं आणि मोठ्यानं हसले.

"अरे, ही जीप आहे की कुंभाराचं गाढव? मडकी बांधलीत हिला!"

सगळे हसले. मुकादम तर मांडीवर थाप मारून हसला. मीही हसलो. ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

"कुणाचं डोकं हे?" साहेबांनी विचारलं.

"आधीच्या ड्रायव्हरचं, साहेब."

"काढून टाक."

एवढं बोलून साहेब चहाला गेले आणि पुन्हा जीपकडे फिरकले नाहीत. नळ्या तशाच ठेवल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मला घाई झाली होती. वायरी सोडवत बसण्याइतकाही धीर नव्हता, म्हणून पाना घेऊन मी एकेक नळी फोडली आणि तुकडे खडीच्या ढिगावर फेकले.

तिसऱ्या दिवशी दुपारी कामावरची एक बाई बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले आणि म्हणाली, नगरला न्या. मागच्या बाकावर बाईला निजवलं, तिची सासू डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी निघालो. करंजीच्या घाटात चढाला लागलो तशी जीप उचक्या द्यायला लागली. मधल्या वळणावर तिनं मान टाकली.

बॉनेट उघडलं. तीन वायरी वितळून नळकांड्याला चिकटल्या होत्या. मी त्या हातानंच ओढल्या, हाताची कातडी तिथंच राहिली. सासूनं लुगड्याचा काठ फाडून दिला, तो वायरींवर गुंडाळला. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"दादा, हलीव की रं गाडी," सासू म्हणत होती. "पोरगी जाईल माझी."

दीड तासानं एसटी आली. तोवर मूल जीपच्या बाकावरच जन्मलं होतं. मुलगा. रडला नाही. नगरच्या डॉक्टरांनी बाईला वाचवलं आणि मला म्हणाले, तासभर आधी आणायचं होतं. मी त्यांना वायरींचं काही सांगितलं नाही. सासूनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. उलट माझे हात बघून ती डॉक्टरांना म्हणाली, "ह्याला बी मलम लावा." त्यापेक्षा तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

रविवारी घरी गेलो. हाताच्या पट्ट्या बघून आईचा चेहरा उतरला.

"नळ्या फुटल्या का रं?"

"न्हाई. दुसरीच वायर जळाली."

"मंग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्याच कामात खोट ऱ्हायली." आणि तिनं पुन्हा पिण्याच्या हंड्यातलं पाणी घेऊन माती भिजवली. या खेपेला मी ओरडलो नाही. तिला खरं सांगायला मला पुढची कितीतरी वर्षं मिळाली होती. नाही सांगितलं, आणि ती गेली.

त्या नव्या नळ्या भाजून झाल्यावर मी पुढच्या रविवारी नेल्या आणि नव्या वायरींवर ओवल्या. पुढं जीप लिलावात निघेपर्यंत एकही वायर जळाली नाही.

दोन महिन्यांनी तेच साहेब पुन्हा आले. मी जीप मुद्दाम त्यांच्या वाटेवर लावली आणि बॉनेट उघडं ठेवून बाजूला उभा राहिलो. हसले असते तर सांगणार होतो की या नळ्या माझ्या आईनं केल्यात. साहेब मुकादमाशी बोलत आले आणि जीपला वळसा घालून चहाला गेले.