नावडत्या पाठाची वकिली

आदरणीय शेखबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी आणि ज्येष्ठ विद्यार्थी लिहीत असताना मीही लिहावे, हे धाडसच आहे. त्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी.

बाईंची पहिली ओळख बल्लारपूरच्या महाविद्यालयात, बी. ए.च्या पहिल्या वर्षी झाली. मी आलापल्लीजवळच्या गावातून आलेली, बारावीला मराठीत पहिली, आणि वर्गात एक शब्दही न बोलणारी. सत्र संपताना बाईंचा एक प्रघात असे. प्रत्येकाने सर्वांत आवडता आणि सर्वांत नावडता पाठ सांगायचा. मग आवडत्यातले दोष दाखवायचे आणि नावडत्याची वकिली करायची.

माझी पाळी आली. "सर्वच पाठ मला आवडले," मी म्हणाले.

मागून कोणीतरी बोलले, "पहिल्या नंबरवालीले तं अनुक्रमणिकाही आवडते!" वर्ग हसला. बाईही हसल्या. "सगळंच आवडते म्हंजे तू काईच वाचलं नाई. खरं सांग."

खरे सांगणे कठीण होते. नदीकाठच्या दोन जावांच्या भांडणाची कथा मला फार आवडली होती. नावडला होता तो जंगलावरचा ललितलेख, आणि नेमका तोच बाईंचा लाडका. तो शिकवताना त्यांचा आवाज बदलत असे. माझ्याविषयीचे त्यांचे चांगले मत आता जाणार, या भीतीने मी पुस्तकाची पाने उगाच उलटत राहिले. बाईंच्या ते ध्यानात आले असावे. त्यांनी डस्टर उचलले आणि आमच्याकडे पाठ फिरवली.

"मी फळा पुसून राह्यली. तू बोल."

फळा आधीच कोरा होता.

त्या पाठमोऱ्या बाईंना मी सांगितले, "त्या लेखात सागवान आहे, चांदणं आहे, पण माणूस एकही नाई. माझी माय त्याच जंगलात मोहफुलं वेचते. लेखकाले ती काऊन नाई दिसली?"

डस्टर थांबले. "हे मले कधी सुचलंच नाई," बाई म्हणाल्या. मग वळून, "आता वकिली कर. सुटका नाई!"

वाळल्या सागपानावर पाऊल पडते तो आवाज लेखकाने अचूक टिपला आहे, हे मला मान्य करावे लागले. माझ्या लाडक्या कथेतली धाकटी जाऊ जरा जास्तच गुणी आहे, हेही.

पुढच्या वर्षी माझी बहीण बाईंच्या वर्गात होती. तो लेख शिकवण्याआधी बाईंनी माझा आक्षेप माझ्या नावासह मांडला, असे तिने सांगितले. स्वतःच्या आवडीविरुद्ध विद्यार्थिनीची बाजू इतक्या सहजपणे घेणारे शिक्षक मी दुसरे पाहिले नाहीत.

आता मी एम. ए. करते. भेटायला गेले की बाई चहा ठेवतात आणि विचारतात, "आवडला काय आता?"

"नाई, बाई."

"मंग बस. अजून बोलू."

बाईंना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि आमचा हा वाद लवकर न मिटो.

पाठविले : रविवार, ७ डिसेंबर २०२५, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.