साहेबांच्या गालावरचा चिखल

दिनांक ९ ऑगस्ट १९८४. नोंद असावी की, या दिवशी जिल्ह्यातील एका वर्तमानपत्राने आमच्या मोर्चाला ‘हिंसक’ हे विशेषण बहाल केले. मी त्या मोर्चात होतो. हिंसा माझ्या नजरेतून निसटली असेल, तर मला चष्माच बदलावा लागेल.

हे विशेषण ज्यांच्यामुळे लाभले, त्या शकुनबाई लाखनीजवळच्या आमच्या गावातील रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांच्या म्होरक्या. वय पन्नाशीपुढे, उंची बेताची, आवाज मात्र शेताच्या चार बांध्यांपलीकडे जाणारा. धान रोवताना त्यांचे गाणे थांबले, की चहाला उशीर झाल्याचे मालकाने ओळखावे.

त्या वर्षी तलावाचे पाणी सुटेना. रोवणी अर्ध्यावर अडली. बाया तशाच चिखलाच्या पायांनी तलावावर गेल्या, मागोमाग आम्ही. पाटबंधारे खात्याचे अधिकारी बराच वेळ नियम समजावीत होते; अखेर त्यांनी तलावाचे दार उघडण्याचा हुकूम दिला. पाणी पाटात शिरले, आणि शकुनबाईंनी ओंजळभर चिखल उचलून साहेबांच्या दोन्ही गालांना फासला.

रोवणी पार पडली की बायांनी मालकाला चिखल लावावा, त्याने हसावे आणि गोडाचे जेवण घालावे, ही आमची रीत. आता रोवणी पार पडणारच, या आनंदात बाईंनी साहेबांना मालकाचा मान दिला. साहेब परजिल्ह्यातले. ते दचकून मागे सरले आणि थेट पाटात बसले. गुन्हा नोंदला गेला : सरकारी नोकरावर हल्ला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर फौजदारांनी विचारले, “हात उगारला होता की नाही?”

“सायेब उंच, मी ठेंगनी. हात वर नाही करन त गालापर्यंत पोचन कशी?”

धान्याचे व्यापारी आणि धानाच्या शेतीचेही मालक बाबुलालशेठ मध्येच म्हणाले, “आज चिखल, उद्या गोटा! हिंसाच आहे ही.”

“तुमाले कधी लावला का जी चिखल, शेठ?”

“नाही बा.”

“काहून नाही लावला? कंजूस मालकाले आमी हात नाही लावत.”

सारी चावडी हसली. हवालदारानेही टोपी तोंडावर धरली. परंतु हसण्याचा पंचनामा होत नाही. गुन्हा कायम राहिला.

परतताना बाई प्रथमच हळू आवाजात बोलल्या, “भय्याजी, मले तुरुंगात टाकलं त बाया कोनाच्या मागं रोवतीन?”

मी पदवीधर; दुसऱ्याच दिवशी फौजदारांकडे जाऊन साक्षीदार म्हणून नाव नोंदवले.

त्या दिवशी तलावावर अर्धे गाव होते. चावडीवर हसायलाही होते. साक्षीदारांच्या यादीत मात्र आजवर माझे एकट्याचे नाव आहे. इतरांना अचानक शेतीची कामे निघाली आहेत. वाचकहो, तुमच्यापैकी जे तलावावर होते, त्यांनी १७ सप्टेंबरला सकाळी भंडाऱ्याच्या न्यायालयात हजर राहावे आणि चिखल का लावला गेला, ते शपथेवर सांगावे.